कार्डाच्या मागे घर काढणाऱ्या सिस्टरताईंना

ताई,

तुमचं नाव लिहीत नाही. नाशिकजवळच्या अंजनेरी-ब्रह्मगिरीच्या पायथ्याच्या पाड्यांवर ज्यांना कळायचं त्यांना ते कळेलच. वणव्याच्या दिवसांत गरोदर बायांसाठी तुम्ही जे केलंत त्याचे हे आभार. लिहायला उशीर झाला, पण गहिवर अजून ओसरलेला नाही.

आधी काय सांगितलं जायचं, तेही लिहायलाच हवं. "धुरात जाऊ नका, तोंडाला ओला रुमाल बांधा." एवढं बोलून पुढचीला हाक. सांगणारे शिकलेले होते, म्हणून जास्त वाईट वाटतं. ओल्या फडक्यावर राख अडते. अडीच मायक्रॉनहून बारीक कण मात्र आरपार जातात, फुप्फुसाच्या तळाशी पोचतात, आणि घात तेच करतात. गरोदरपणात बाई मिनिटाला नेहमीपेक्षा साधारण ४० टक्के जास्त हवा ओढते, म्हणजे त्याच अंगणात तिच्या वाट्याला धूरही जास्त. ३७ आठवड्यांआधीचं बाळंतपण आणि अडीच किलोहून कमी वजनाचं बाळ, या दोन्हींशी धुराचा संबंध अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसला आहे. आणि धूर घरातच शिरत असेल तर "धुरात जाऊ नका" याचा अर्थ बाईनं काय लावायचा?

तुमचा पहिला प्रश्न होता, "रात्री झोपतेस कुठे गं?"

मग माता-बाल संरक्षण कार्डाच्या कोऱ्या जागेवर तुम्ही पेनानं घर काढलंत. दार, चूल, खिडकी, डोंगर कुठल्या अंगाला. एका खोलीला गोल केलात. रांग दारापर्यंत गेली होती, तरी प्रत्येकीच्या कार्डावर तिचंच घर आलं.

ही गोष्ट दिसायला लहान आहे, पण सगळं त्यातच होतं. दिवसा ऊन तापलं की धूर वर चढतो आणि सगळ्यांना वाटतं, आज कमी आहे. अंधार पडला की उतारावरची हवा गार आणि जड होऊन खाली सरकते, धुरासकट पाड्यावर येऊन बसते आणि ऊन चढेपर्यंत हलत नाही. म्हणजे बाई झोपेतही धूर ओढत राहते. मोबाईलवरच्या हवेच्या सरकारी आकड्यावर विसंबावं, तर तो २४ तासांच्या सरासरीचा, आणि मोजणारी यंत्रं नाशिक शहरात.

म्हणून डोंगराच्या उलट अंगाची, चुलीपासून लांबची खोली. दाराच्या फटीला ओल्या चादरीची वळी. कूलर बंद, कारण तो बाहेरचीच हवा ओढतो आणि त्याच्या ओल्या जाळीत बारीक धूर गाळला जात नाही. उदबत्ती, धूप, मच्छर कॉइल बंद, त्याऐवजी मच्छरदाणी. झाडूऐवजी ओलं फडकं. कौलाचं घर कितीही लावून घेतलं तरी बंद होत नाही, तेव्हा रात्रीपुरतं शेजारच्या स्लॅबच्या घरात झोपायचं, हे तुम्ही सासूबाईंना समोर बसवून सांगितलंत. खोली तापून चक्कर येऊ लागली तर तिथून उठायचं, हेही. उकाड्याचा धोका कुणी धुरासोबत सांगत नाही.

एन-९५ मास्क नुसता हातात दिला नाहीत. वरचा पट्टा डोक्यावर, खालचा मानेवर. नाकाची पट्टी दोन्ही हातांच्या बोटांनी दाबायची, कारण एका हाताच्या चिमटीनं मध्ये टोक येतं आणि बाजूला फट राहते. मग जोरात फुंकर. डोळ्यांकडे हवा लागली तर पुन्हा बसवायचा. हा मास्क धुरातला कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू अडवत नाही, म्हणून पोटुशीनं वणवा विझवायला जायचं नाही. आणि बोटाला लावायचं यंत्र या वायूला ऑक्सिजनच समजतं, आकडा चांगला दाखवतं. धुरातून आलेलीचं डोकं ठणकत असेल, मळमळत असेल, तर यंत्राकडे न पाहता मोकळ्या हवेत न्यायचं आणि १०८ लावायचा. दम्याचा पंप गरोदर आहे म्हणून सोडायचा नाही, हे तर तुम्ही दोनदा म्हणालात. पंप सोडूनच तब्येती जास्त बिघडतात.

२८ आठवड्यांनंतर डाव्या कुशीवर पडून बाळाची हालचाल मोजायची. दोन तासांत १० हालचाली भरल्या नाहीत तर सकाळची वाट पाहायची नाही. हे वाक्य तुम्ही कार्डावर ठळक लिहिलंत, खाली १०२ आणि १०८.

नोकरीच्या चौकटीत यातलं बरंचसं बसत नाही. कुणी तपासणार नव्हतं, कुठल्या रकान्यात भरायचंही नव्हतं. समोरची बाई घरी जाऊन नेमकं काय करू शकेल, याचा विचार केलात. असा सज्जनपणा अजून आहे, हे पाहून फार बरं वाटलं, ताई.

वणवे संपले तरी धूर संपत नाही. एप्रिलमध्ये द्राक्षाची खरड छाटणी झाली की बागांच्या कडेला काड्या पेटतात, आणि इगतपुरी-त्र्यंबककडे भाताच्या रोपांसाठी राब भाजले जातात, म्हणजे जमिनीवर पालापाचोळा पसरून पेटवतात. तो धूरही बाळाला तितकाच वाईट, आणि तो कधी होणार हे आधी ठाऊक असतं. त्या दिवसांआधी पुन्हा एकदा कार्डं काढून बसाल का? जेलपेनाची शाई ओल्या हातानं पसरली, दोन-तीन कार्डांवरची खोली आता ओळखू येत नाही. म्हणून पत्रासोबत बॉलपेनांचा एक डबा पाठवला आहे.