टाचेवरचं एवढ्यात जाळून घेऊ नकोस

सातारा,
रंगपंचमी

प्रिय विनू,
सप्रेम नमस्कार.

टाचेचा फोटो मिळाला, मोठा करून नीट पाहिला. भोवरी आहे, डॉक्टर जाळून देतो म्हणतात, वारीआधी मोकळा होतो, असं तू म्हणालास. फोनवर सगळं सांगणं झालं नाही, म्हणून सविस्तर लिहितोय. विनू, ते जाळून किंवा कापून घेऊ नकोस, निदान एवढ्यात तरी नको.

मला ती भोवरी वाटत नाही, चामखीळ वाटते. आज रात्री पाय कोमट पाण्यात भिजव आणि वरची निबर कातडी हलकेच घासून काढ. भोवरी असेल तर तळव्याच्या रेषा तिच्यावरूनही सलग जातात. चामखीळ असेल तर रेषा तिच्या कडेशी तुटतात आणि आत बारीक काळे ठिपके दिसतात. तुझ्या फोटोत मला असे तीन-चार ठिपके दिसले. आणखी एक खूण म्हणजे भोवरी वरून दाबली की दुखते, चामखीळ दोन्ही बाजूंनी चिमटीत धरली की कळ येते.

ते काळे ठिपके म्हणजे मूळ, ते उपटलं की काम झालं, असं आमच्या मेडिकलमध्ये येणारी निम्मी माणसं समजतात. ते मूळ नव्हे. बारीक रक्तवाहिन्यांत रक्त गोठून ते ठिपके होतात. चामखिळीचा विषाणू कातडीच्या अगदी वरच्या थरात राहतो, खाली उतरत नाही. मग खोल कोरून काय मिळणार? उलट टाचेवर व्रण राहिला तर अंगाचा सगळा भार त्याच्यावर येतो. चामखीळ कधीतरी जाते, व्रण मात्र जन्मभर टोचू शकतो. शिवाय एवढं करूनही ती पुन्हा उगवते, ते वेगळंच. हा विषाणू एचपीव्हीच्या, म्हणजे गर्भाशयमुखाच्या कर्करोगाशी ज्याचं नाव जोडलं जातं त्या विषाणूच्या, कुळातला आहे. नाव वाचून वहिनी घाबरतील, त्यांना सांग की पायावरचे प्रकार वेगळे, कर्करोगाचे ते नव्हेत.

सुरुवात सॅलिसिलिक ॲसिडच्या औषधाने करायची. बाटलीत सॅलिसिलिक आणि लॅक्टिक, दोन्ही १६.७ टक्के असतात. रोज रात्री पाय दहा मिनिटं भिजवायचा, वज्रीने मेलेली कातडी काढायची, भोवतीच्या चांगल्या कातडीला व्हॅसलीन लावायचं आणि मग औषधाचा थेंब नेमका चामखिळीवर. वाळलं की वरून चिकटपट्टी. भोवरीवर चिकटवायच्या कॉर्न कॅपमध्येही सॅलिसिलिकच असतं, पण चालताना ती चकती सरकते आणि भलतीच कातडी पांढरी पडून सोलते. आग व्हायला लागली तर दोन-तीन दिवस थांबायचं. वज्री तुझी वेगळी ठेव, घरात दुसऱ्या कुणी वापरायची नाही. धाकटीला झाली होती तेव्हा आम्ही हेच केलं. तुटलेल्या रेषा पुन्हा सलग दिसू लागेपर्यंत औषध सोडायचं नाही.

हे बारा आठवडे तरी चालवावं लागतं. ज्येष्ठ वद्य अष्टमीला माउलींची पालखी निघते, म्हणजे तुझ्या हाताशी जेमतेम तेवढेच दिवस आहेत. तेवढ्यात जाईलच असं मी म्हणणार नाही. ब्रिटन आणि आयर्लंडमध्ये २४० जणांवर झालेली एक चाचणी २०११ साली छापून आली. निम्म्यांना ५० टक्क्यांचं सॅलिसिलिक, निम्म्यांना द्रवरूप नायट्रोजनने गोठवणं. बारा आठवड्यांनी दोन्हीकडे पूर्ण बरे झालेले १४ टक्केच. उणे १९६ अंशांच्या त्या नायट्रोजनने फोड येतो, ठणका लागतो आणि दर दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा जावं लागतं. गुण सारखाच असेल तर आधी घरचा उपाय करावा, असं माझं ठाम मत आहे.

त्यानेही नाही गेली तर त्वचारोगतज्ज्ञ गाठ. आपल्याकडे ते गोवर-गालगुंड-रुबेलाची लस थेट चामखिळीत टोचतात. शरीराची प्रतिकारशक्ती जागी होते आणि कधीकधी लांबच्या, न टोचलेल्या चामखिळीही झडतात. टोचताना दुखतं, पण व्रणाची धास्ती कमी.

आणि बिब्ब्याचा चटका अजिबात नको. बिब्बा उतला तर पाय टेकवणं मुश्कील होईल, मग वारी कुठली!

आता सगळ्यात महत्त्वाचं. काकांना साखर होती, तू अजून तपासलेली नाहीस. साखर असेल आणि पायाची संवेदना कमी झालेली असेल, तर हे ॲसिड घरी लावायचं नाही. भाजलेलं कळत नाही, जखम चिघळते. तेव्हा थेट डॉक्टरांकडेच जायचं.

चामखीळ राहिली तरी वारी चुकायची नाही. मध्ये भोक असलेली फेल्टची चकती टाचेखाली घेतली की भार चामखिळीवर पडत नाही. दिंडीत आंघोळीच्या जागी मात्र चप्पल घालूनच जा, तुझी दुसऱ्याला लागायला नको.

औषध, चिकटपट्टी आणि चकत्या उद्याच्या एसटीने पार्सल करतोय. साखरेचा रिपोर्ट आला की आधी मला फोन कर, तोवर बाटली उघडू नकोस.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझाच,
दत्ता