न दाबता फिरणाऱ्या शेगडीच्या बटणाबद्दल तक्रार

प्रति,
ग्राहक तक्रार विभाग

विषय : तीन बर्नरच्या काचेच्या शेगडीतला दोष, लहान मुलांच्या जिवाला धोका

महोदय,

दिवाळीत खडेबाजारातल्या दुकानातून तुमची शेगडी घेतली. पावती आणि वॉरंटी कार्डाची प्रत सोबत जोडली आहे. या शेगडीचे डावीकडचे बटण आत न दाबताच फिरते आणि गॅस सुटतो. बाकीची दोन बटणे दाबल्याशिवाय हलत नाहीत. डावीकडच्या कॉकची, म्हणजे बटणामागच्या गॅसच्या तोटीची, स्प्रिंग मात्र बटणाला बाहेर ढकलत नाही, ते आत बसलेलेच राहते.

माझी मुलगी दीड वर्षाची आहे. चवड्यांवर उभी राहून ती कट्ट्याची कड धरते तेव्हा तिची बोटे नेमकी त्याच बटणावर येतात. गेल्या आठवड्यात तिने ते फिरवले. आम्ही वडगावचे विणकर. पुढच्या खोलीत माग चालू होता आणि त्या खडखडाटात गॅस सुटल्याचा आवाज कुणाला ऐकू येणार? सासूबाईंना वास आला म्हणून कळले. त्यांनी आधी देवापुढची समई विझवली, मग रेग्युलेटर बंद करून मागचे दार उघडले आणि विजेच्या बटणाला हात लावू नको म्हणून मला ओरडून सांगितले. हा गॅस हवेपेक्षा जड, तो जमिनीलगत साचतो. समई तिथेच तेवत होती आणि मुलगीही तिथेच उभी होती. अजून आठवले की हातपाय गार पडतात.

तुमचा माणूस आला, बटण फिरवून बघितले आणि "मुलीला किचनमध्ये येऊ देऊ नका, रेग्युलेटर बंद ठेवत जा" एवढे सांगून गेला. तक्रार निवारण झाल्याचा मेसेजही लगेच आला. निवारण काहीच झालेले नाही.

इकडे विणकरांच्या कितीतरी घरांत पुढे माग आणि मागे स्वयंपाकघर असते. जेवण तिथेच, मुलांचे खेळणेही तिथेच. तिला बाहेर ठेवायचे तर चालत्या मागाजवळ ठेवायचे का? घेण्यासारखी काळजी आम्ही घेतोच. विळी खिळ्याला टांगलेली असते, फिनेल वरच्या फळीवर, उकळते दूध मागच्या बर्नरवर, कढईची दांडी भिंतीकडे, आणि रात्री रेग्युलेटर न चुकता बंद. पण दिवसभर चहा, भाकरी, आमटी, बाळाचे दूध चालू असताना दर वेळी खाली वाकून रेग्युलेटर बंद करायचा आणि शेगडीचे बटण कसेही फिरले तरी चालवून घ्यायचे, हे मला मान्य नाही. बंद बटण बंदच राहिले पाहिजे.

शेगडीवर आयएस ४२४६ चा, म्हणजे घरगुती गॅस शेगड्यांच्या भारतीय मानकाचा, आयएसआय शिक्का आहे. तो बघूनच आम्ही ती घेतली, दुकानदारानेही तोच दाखवला होता. म्हणून माझी मागणी अशी की नुसती प्लास्टिकची टोपी बदलून भागवू नये. तिन्ही कॉक नवीन बसवावेत किंवा शेगडीच बदलून द्यावी. त्याच खेपेच्या इतर शेगड्या बेळगाव, खानापूर, निपाणीत कुणाकुणाच्या घरी गेल्या असतील, त्या ग्राहकांना कळवून त्याही तपासाव्यात. हे मला माझ्या शेगडीइतकेच महत्त्वाचे वाटते, कारण त्या घरांतही लेकरे आहेत. बटणांवर बसणारे झाकण सोबत द्यावे. सूचनापत्रक फक्त इंग्रजी आणि हिंदीत आहे. इथे घरात मराठी आणि कन्नड वाचले जाते, तेव्हा निदान धोक्याच्या सूचना तरी या दोन भाषांत छापाव्यात.

पंधरा दिवसांत लेखी उत्तर आले नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवून बेळगावच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे सदोष वस्तूमुळे झालेल्या हानीची जबाबदारी बनवणाऱ्यावर येते, आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला जिल्हा आयोगात फी लागत नाही, हे मी माहीत करून घेतले आहे. बटण न दाबता फिरते त्याचा व्हिडिओ सोबत पाठवला आहे.

ती शेगडी काढून ठेवली असून सध्या जुन्या दोन बर्नरच्या शेगडीवर स्वयंपाक चालू आहे. माणूस पाठवताना आधी फोन करावा, आणि नवीन कॉक सोबत घेऊनच पाठवावा.

कळावे,
आपली ग्राहक
वडगाव, बेळगाव