चाळिशीनंतरचा डॉक्टर : मालिका लिहिणाऱ्या मित्रास पत्र

राजारामपुरी, कोल्हापूर

प्रिय श्रीपाद,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र आणि सोबतचा मालिकेचा आराखडा मिळाला. सेहेचाळीस वर्षांचा बँकेचा शाखाधिकारी नोकरी सोडून एम.बी.बी.एस.ला प्रवेश घेतो, ही कल्पना मला मनापासून आवडली. ती कोल्हापुरात घडवायचे ठरवून तू शरीररचनाशास्त्र शिकवण्यात आयुष्य घालवलेल्या या माणसाचे मत मागितलेस, याचाही आनंद झाला. तथापि आराखडा वाचताना असे वाटले की हसू तू चुकीच्या जागी शोधतो आहेस. तुझा नायक पाठ केलेले विसरतो, मृतदेह पाहून भोवळ येऊन पडतो आणि रक्त पाहून घाबरतो. यांपैकी पहिली गोष्ट माझ्या अनुभवाला धरून नाही, आणि उरलेल्या दोन अठरा वर्षांच्या मुलामुलींच्या बाबतीतही तितक्याच घडतात. उतारवयाकडे झुकलेला माणूस वैद्यकाच्या वर्गात बसतो तेव्हा खरी गंमत आणि खरी कुचंबणा मानापानाच्या उतरंडीत असते, आणि या गावात ती उतरंड घरापासून तालमीपर्यंत सर्वत्र पाळली जाते.

तू उल्लेख केलेली १९७५ ची अमेरिकन विनोदी मालिका या दृष्टीने अभ्यासण्यासारखी आहे. बॉब क्रेन या नटाच्या नावानेच ती एनबीसी वाहिनीवर त्या वर्षी मार्च ते जून अशी जेमतेम काही महिने चालली. आपल्याकडे तेव्हा मुंबई दूरदर्शन सुरू होऊन जेमतेम अडीच वर्षे झाली होती. त्यातला बॉब विल्कॉक्स विमा कंपनीतली चांगली नोकरी सोडून वैद्यकीय महाविद्यालयात जातो आणि त्याची पत्नी एली घरे व जमिनी विकण्याच्या व्यवसायात उतरून संसार चालवते. क्रेन त्यापूर्वी युद्धकैद्यांच्या छावणीवरील एका विनोदी मालिकेमुळे घराघरांत पोहोचलेला होता, तरीही ही मालिका टिकली नाही. ती का टिकली नाही याची चर्चा तू करत बसू नकोस. तिच्या लेखकांना एक गोष्ट अचूक कळली होती, तेवढी घे. नवरा शिकायला बसला की पैसा कोण आणणार, हा प्रश्न त्यांनी पहिल्यापासून घरात आणून ठेवला. तुझ्या आराखड्यात नायकाची पत्नी फक्त डबा भरते आणि धीर देते. हे मला अजिबात पटले नाही.

आधी कागदपत्रांचे पाहू, कारण आपले प्रेक्षक त्यात पटकन चूक काढतात. तुझा नायक वाणिज्य शाखेचा पदवीधर आहे. त्याला वैद्यकीय प्रवेशासाठीच्या ‘नीट’ या परीक्षेला बसताच येणार नाही, कारण बारावीच्या पातळीवर भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र असावे लागते. त्याला बी.एस्सी. करून बँकेच्या परीक्षेतून नोकरीला लागलेला दाखव. आपल्या पिढीत असे कितीतरी जण होते. कथेचा काळही २०२२ नंतरचा ठेव. २०१७ मध्ये खुल्या प्रवर्गासाठी पंचवीस आणि राखीव प्रवर्गासाठी तीस अशी कमाल वयोमर्यादा आली, दिल्ली उच्च न्यायालयाने ती २०१८ मध्ये उचलून धरली, सर्वोच्च न्यायालयाच्या अंतरिम आदेशामुळे अधिक वयाच्या उमेदवारांना परीक्षेला बसता येऊ लागले, आणि अखेर मार्च २०२२ मध्ये ती मर्यादाच हटवल्याचे जाहीर झाले. ओडिशातील स्टेट बँकेच्या एका निवृत्त अधिकाऱ्याने वयाच्या चौसष्टाव्या वर्षी बुर्ला येथील शासकीय वैद्यकीय संस्थेत प्रवेश घेतला, तो याच मधल्या काळात, २०२० साली. तेव्हा तुझा नायक अशक्य कोटीतला आहे असे कोणी म्हणाले तर घाबरू नकोस.

प्रवेशाच्या दिवसासाठी मात्र एक प्रसंग मी तुला आयताच देतो. रॅगिंग करणार नाही असे प्रतिज्ञापत्र विद्यार्थ्याला द्यावे लागते आणि तसेच एक पालकालाही द्यावे लागते, तेही दरवर्षी. आता तुझ्या नायकाचे पंच्याहत्तरीचे वडील, डोक्याला पांढरी टोपी, हातात काठी, खिडकीसमोर उभे राहून लिहून देतात की माझा पाल्य कनिष्ठ विद्यार्थ्यांना त्रास देणार नाही, आणि खिडकीपलीकडचा लिपिक हा त्याच बँकेचा कर्जदार असतो, ज्याच्या अर्जावर नायकाने कधीकाळी त्रुटी काढून तो परत पाठवला होता. या प्रसंगात कोणीही घसरून पडत नाही, तरी प्रेक्षक हसल्याशिवाय राहणार नाही.

शवविच्छेदन कक्षाचे तुझे दृश्य पूर्णपणे बदलावे अशी माझी विनंती आहे. तेथे देह टिकवण्यासाठी वापरलेल्या फॉर्मॅलिनने डोळे झोंबतात, पहिला आठवडा जेवण नकोसे होते, हे खरे. पण टेबलावरचा देह कोणीतरी स्वेच्छेने दिलेला असतो किंवा बेवारस म्हणून आलेला असतो, आणि आता नव्या अभ्यासक्रमात विच्छेदनाला हात लावण्यापूर्वी विद्यार्थी त्या देहाविषयी आदराची शपथ घेतात. त्या टेबलाभोवती विनोद करायचा असेल तर तो जिवंत माणसांवर कर. नायकाच्या गटातली मुले त्याला काका म्हणतात, त्याच्याकडे वसतिगृहाच्या मेसचा हिशेब सोपवतात, घरमालकाशी भांडायला त्यालाच पुढे करतात, आणि व्हायवाच्या, म्हणजे तोंडी परीक्षेच्या, दिवशी मात्र त्याच काकांना मानेतल्या नसांचा क्रम समजावून सांगतात. सकाळी आदेश देणारा, दुपारी वयाने निम्म्या मुलीकडून धडा घेणारा हा माणूस तुझ्या हाती आहे, आणि तू त्याला भोवळ आणतो आहेस!

हिस्टॉलॉजीच्या, म्हणजे शरीरातल्या ऊती सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्याच्या, प्रॅक्टिकलमध्ये तर तुला शब्दांचीही गरज पडणार नाही. सूक्ष्मदर्शकात पाहताना चाळिशीच्या चष्म्याची गरज नसते, कारण भिंग फिरवून दृश्य डोळ्याला जुळवून घेता येते. पण तेच दृश्य जर्नलमध्ये काढायचे म्हटले की चष्म्यावाचून कागद दिसत नाही. त्यामुळे माझ्याकडे आलेले थोडे वयस्क विद्यार्थी तासभर चष्मा लावत आणि काढत बसलेले असत. आकृत्या गुलाबी आणि जांभळ्या पेन्सिलींनी रंगवायच्या असतात, कारण स्लाइडवरील रंगद्रव्यांमुळे पेशींची केंद्रके जांभळट आणि बाकीचा भाग गुलाबी दिसतो. कालपर्यंत लाखोंच्या कर्जावर सही करणारा माणूस महाद्वार रोडवरच्या दुकानात गुलाबी पेन्सिलीच्या छटा पारखतो आहे, हे मला आतापासून दिसते आहे. टेबलांवर मांडलेले नमुने ओळखण्याच्या, म्हणजे स्पॉटिंगच्या, परीक्षेतही, घंटा वाजली की पुढच्या टेबलाकडे सरकायचे असते, तेव्हा याचा निम्मा वेळ चष्म्यातच जाईल.

स्मरणशक्तीविषयी एवढेच सांगतो की प्रवेशापूर्वी काही वर्षे औषधांच्या दुकानात काम केलेला एक विद्यार्थी माझ्या वर्गात होता; पाठांतरात तो मुलांच्या मागे पडे, परंतु एकदा समजलेली गोष्ट त्याच्या डोक्यातून जात नसे, कारण तिला जोडायला त्याच्याकडे आधीचे काहीतरी असे.

रुग्णालयातले वर्ष आले की उतरंड उलटीकडून हलते. सी.पी.आर.सारख्या, म्हणजे आपल्या छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालयासारख्या, सरकारी रुग्णालयात गगनबावडा, राधानगरी, चंदगडपासून माणसे येतात. पांढऱ्या कोटातले पांढरे केस दिसले की ती सरळ त्यालाच नमस्कार करणार, मोठे डॉक्टर समजून एक्स-रे त्याच्याच हातात देणार, आणि शेजारी उभ्या असलेल्या सव्वीस वर्षांच्या निवासी डॉक्टर मुलीला सिस्टर म्हणणार. ती मुलगी रात्रभर जागलेली आहे आणि तुझ्या नायकाला तिच्या हाताखाली शिकायचे आहे. त्याने रुग्णाचा गैरसमज लगेच दूर केला तर रुग्णाचा विश्वास डळमळतो, आणि नाही केला तर त्या मुलीचा अपमान होतो. या पेचावर तू दोन भाग सहज लिहू शकशील.

आता घराकडे येतो. पत्नीला हुपरीच्या चांदीच्या धंद्यातल्या घरची लेक कर. माहेरी पैंजणांच्या ऑर्डरी आणि घडवताना चांदीत येणाऱ्या घटीचे हिशेब लहानपणापासून पाहिलेली ही बाई नवऱ्याचा पगार थांबताच स्वतःचे काम सुरू करते, आणि दुसऱ्या वर्षापर्यंत तिला नवऱ्याच्या परीक्षांपेक्षा चांदीच्या भावाची चिंता अधिक असते. तिला त्यागमूर्ती करू नकोस. तिला नफा होऊ दे. नातेवाईक तिच्यासमोर नायकाची कीव करतील आणि पहिल्याच वर्षापासून आपापले शुगरचे रिपोर्ट घेऊन त्याच्याच दारात येतील. शिवाय अभ्यासासाठी आणलेली हाडे घरात कोठे ठेवायची, यावर गौरी-गणपतीच्या आठवड्यात त्याच्या आईचे जे मत पडेल, ते तुला मी सांगायला नको.

एक प्रश्न मात्र विनोदाने उडवून लावू नकोस. या माणसाने एका तरुण मुलाची जागा अडवली, असे कोणीतरी म्हणणारच. साडेचार वर्षांचा अभ्यासक्रम आणि एक वर्षाची इंटर्नशिप धरली तर तो साडेएक्कावन्नाव्या वर्षी डॉक्टर होईल, आणि अठराव्या वर्षी आलेल्या मुलापेक्षा त्याच्याकडून समाजाला कमी वर्षे मिळतील, हे गणित खोटे नाही. हा आक्षेप त्याच्या स्वतःच्या मुलीने घ्यावा असे मला वाटते, कारण ती त्याच वर्षी नीटला बसलेली आहे आणि तिचा क्रमांक लागलेला नाही. नायकाने गुणवत्ता यादीचे उत्तर द्यावे, तिने ते ऐकून घ्यावे, आणि तिचे समाधान होऊ नये. त्या भागात तू त्याला जिंकवलेस तर मी पुढचा भाग पाहणार नाही.

आनंदीबाई जोशी यांचा उल्लेख आराखड्यात दोनदा आला आहे. १८८६ मध्ये अमेरिकेतून पदवी घेतलेल्या आनंदीबाईंची नेमणूक आपल्याच गावातल्या अल्बर्ट एडवर्ड रुग्णालयात झाली होती, आणि रुजू होण्यापूर्वीच फेब्रुवारी १८८७ मध्ये, बाविशीही पूर्ण झाली नसताना, त्या गेल्या. कोल्हापूरकराला ही गोष्ट ठाऊक आहे. नायकाच्या तोंडी ती भाषणासारखी घातलीस तर तिचे मोल कमी होईल. त्याला आधारच हवा असेल तर बाबा आमटे अधिक जवळचे आहेत. वकिली सोडलेल्या बाबांनी पस्तिशीच्या आसपास कलकत्त्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये जाऊन कुष्ठरोगाचे शिक्षण घेतले होते. पण हेही एखाद्या वाक्यात उरकावे.

दुसरे पर्व मिळालेच, तर शासकीय महाविद्यालयातून बाहेर पडलेल्यांना एक वर्षाची बंधपत्रित सेवा करावी लागते, हे लक्षात ठेव. बावन्नाव्या वर्षी दुर्गम भागातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात एकट्याने राहणाऱ्या या गृहस्थाला साधा वरणभातही येत नसेल, तर तुझे काम बरेच सोपे होईल.

पहिल्या तीन भागांचे संवाद लिहून झाले की पाठव. व्हायवाचे प्रश्न मी तपासून देईन, आणि परीक्षकाचे संवाद शक्य तर मलाच लिहू दे. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझाच,
वसंत