खिडकीला आतून लाकडी झडपा लावाव्यात

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

मार्च उजाडला की आपल्या शहरात एसीची चर्चा सुरू होते. कर्ज काढून एसी बसवणारी घरं माझ्या ओळखीत आहेत. त्यांनी आधी एकदा सुताराला बोलवावं, एवढं सांगण्यासाठी हे पत्र.

मी शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत भट्टीवर काम करतो. रात्रपाळी असली की दिवसा झोपावं लागतं. आमचं घर शिवाजी पेठेत पहिल्या मजल्यावर, खिडकी पश्चिमेला आणि खाली गल्ली. दुपारी तीननंतर ऊन थेट अंथरुणावर यायचं. पडदा जाड घेतला तर वारा बंद, पातळ घेतला तर डोळ्यांवर उजेड. अशी अर्धवट झोप काढून रात्री वितळलेल्या लोखंडासमोर उभं राहणं धोक्याचं असतं. म्हणून खिडकीला आतून पट्ट्यांच्या लाकडी झडपा करून घेतल्या.

पश्चिमेच्या उन्हाला छज्जा पुरत नाही, हे आधी लक्षात घेतलं पाहिजे. मे महिन्यात कोल्हापुरात भरदुपारी सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो. पहिल्या पंधरवड्यात तर एक दिवस असा येतो की उभ्या काठीची सावलीच पडत नाही. त्या वेळी छज्जा आपलं काम चोख करतो. पण चार वाजता सूर्य खाली उतरलेला असतो आणि किरणं छज्जाखालून सरळ आत येतात. तिथं उन्हाच्या वाटेत काहीतरी उभं लावायला हवं. भट्टीतलं लोखंड चौदाशे अंशांच्या आसपास असतं, पण मध्ये नुसता पत्रा आला तरी तोंडावरची धग लगेच कमी होते. खिडकीतल्या फळीचं काम तेच.

बाहेरून लावलेली झडप उष्णता जास्त अडवते, हे खरं आहे, कारण ऊन काचेपर्यंतच पोचत नाही. पण फ्लॅटमध्ये बाहेरून काही लावायचं म्हटलं की सोसायटीची परवानगी, परांची आणि वर कोल्हापूरचा पाऊस. आतली झडप भिजत नाही आणि घरात उभं राहून पुसता येते. तिला बाहेरच्या बाजूनं पांढरा किंवा फिका रंग द्यावा, म्हणजे काचेतून आलेल्या उन्हातलं बरंचसं तसंच परत जातं. काच थोडी सरकवून ठेवावी, नाहीतर काच आणि लाकूड यांच्यामध्ये तापलेली हवा घरातच येते. संध्याकाळी पश्चिमेचा वारा सुटला की सगळं सताड उघडायचं.

झडपा दोन मजली कराव्यात, खालची जोडी वेगळी आणि वरची वेगळी. पेठेतल्या जुन्या घरांत अशा खिडक्या अजून दिसतात. आमच्या गल्लीत समोरचं घर हाताच्या अंतरावर. खालची जोडी लावली की आई निवांत बसते, तिला कोणी बघत नाही, आणि वरच्या उघड्या भागातून उजेड आणि हवा दोन्ही येतात. मुलगी त्याच खिडकीपाशी अभ्यास करते. पट्ट्या वरच्या अंगाला वळवल्या की उजेड छताकडे जातो आणि वहीवर तिरीप पडत नाही. हे पडद्यानं होत नाही.

आवाज मात्र पूर्ण थांबत नाही. पट्ट्यांतून तो येतोच. मिरवणुकीतल्या डॉल्बीपुढे कुठलंच लाकूड टिकणार नाही. पट्ट्यांवर धूळही बसते, आठवड्याला फडकं मारावं लागतं. ज्याला हे जमणार नाही त्यानं साध्या फळीच्या झडपा कराव्यात.

लाकडाबद्दल आमच्या सुतारमामांचं म्हणणं मोलाचं होतं. मी फटी नकोत म्हणत होतो. ते म्हणाले, "आता घट्ट बसीवली तर आषाढात उघडायची न्हाईत बघा." त्यांनी चारी बाजूंनी दोन सूत, म्हणजे पाव इंच, जागा सोडली. पावसाळ्यात लाकूड फुगलं, तरी झडप अडकली नाही. स्वस्त प्लायच्या वाटेला जाऊ नये. ओलीनं त्याचे थर सुटतात. पेठांत वाडे पाडले जातात तेव्हा सागवानी झडपा बिजागऱ्यांसकट विकायला निघतात, काही तर जळणात जातात. कित्येक पावसाळे खाल्लेलं ते लाकूड आता फारसं वाकत नाही. रंधा मारून, जवसाचं तेल देऊन ते पुन्हा बसवता येतं. ते जळताना बघून मला फार वाईट वाटतं.

या झडपा खोली गार करत नाहीत, आत येणारी उष्णता अडवतात. तेवढ्यानंही आमचं पंख्यावर भागतं. दीड टनाचा एसी तासाला साधारण दीड युनिट वीज घेतो आणि घरात एसी असला तरी झडपेमुळे त्याचं काम हलकंच होतं.

नवीन इमारती बांधणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे. पश्चिमेच्या खिडक्यांचे गज आणि काचा भिंतीच्या बाहेरच्या अंगाला घ्या आणि आत झडप बसेल एवढी भिंतीची जाडी मोकळी सोडा. लॉफ्ट आणि कपाटंही अशी काढा की झडप आत उघडताना कशाला अडणार नाही. हे नकाशातच झालं पाहिजे, नंतर घर घेणाऱ्याच्या हातात काही राहत नाही.

आपला नियमित वाचक,
एक फौंड्री कामगार
शिवाजी पेठ, कोल्हापूर