'एच २०.९' टाकून फाईल बंद करू नका

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

आपल्या पेपरात आरोग्याच्या पानावर मोतीबिंदूची शिबिरं, डोळे आल्यावर काय करायचं, उन्हाळ्यात डोळ्यांची काळजी असं बरंच येत असतं आणि आम्ही ते आवडीने वाचतो, पण डोळ्याच्या पेशंटच्या कागदावर शेवटी जो एक छोटासा कोड पडतो त्याबद्दल कुणी लिहिलेलं माझ्या तरी वाचण्यात आलं नाही, म्हणून हे पत्र. मी जळगावात डोळ्यांच्या एका दवाखान्यात रेकॉर्डचं आणि क्लेमचे फॉर्म भरायचं काम करते. चोपडा, यावल, रावेर, पारोळा, तिकडे शिरपूर-शहाद्यापर्यंतचे पेशंट येतात आणि त्यांचे दुसरीकडचे जुने कागदही माझ्या टेबलावर येतात, त्यामुळे हे जे लिहितेय ते एका दवाखान्याचं नाही, सगळीकडचं आहे.

आधी कोड म्हणजे काय ते सांगते. मेडिक्लेमच्या फॉर्मचा पार्ट बी दवाखान्याने भरायचा असतो, त्यात मुख्य निदान आणि त्याच्यापुढे आयसीडी १० कोड असा रकाना असतो. आयसीडी हे जागतिक आरोग्य संघटनेचं आजारांच्या वर्गीकरणाचं पुस्तक, त्याची दहावी आवृत्ती १९९० साली मंजूर झाली. एच ०० ते एच ५९ डोळ्याचे आजार, एच ६० पासून पुढे कान. त्यात एच २०, एच २१ आणि एच २२ हे तीन गट आयरिस आणि सिलिअरी बॉडीचे, म्हणजे बाहुलीच्या भोवतीचा जो रंगीत पडदा असतो तो आणि त्याच्या मागे डोळ्यातलं पाणी तयार करणारा भाग. या दोघांना सूज आली की डॉक्टर आयरायटिस म्हणतात, युव्हिआयटिस म्हणतात, पुस्तकात इरिडोसायक्लायटिस लिहिलेलं असतं, आणि त्याचा कोड एच २०.

आता हा आजार साधा नाही. पेशंट येऊन म्हणतो "ताई, डोया लाल व्हई गया, उजेड सहन व्हत नही" आणि आठ दिवस त्याने मेडिकलवरून डोळे आल्याचा ड्रॉप आणून टाकलेला असतो, कारण लाल डोळा म्हटलं की आपल्याकडे डोळे आले एवढंच माहिती. पण डोळे येतात तेव्हा चिपडं येतात, चिकटतात, खाज येते, नजर सहसा जात नाही. आयरायटिसमध्ये चिपडं नसतात, आतून दुखतं, उजेडाचा त्रास होतो, नजर धूसर होते, लाली बुबुळाच्या कडेला गोल जास्त दिसते आणि बाहुली बारीक होते. वेळेवर बाहुली मोठी करायचा ड्रॉप पडला नाही तर आयरिस मागच्या भिंगाला चिकटून बसते, मग बाहुली वाकडीतिकडी, मग डोळ्याचं प्रेशर वाढतं, मग मोतीबिंदू आणि तोही तिशी-पस्तिशीच्या माणसाला.

एवढ्या मोठ्या आजाराच्या कागदावर दहातल्या बहुतेक वेळा काय लिहिलेलं असतं तर 'युव्हिआयटिस, एच २०.९'. शेवटचा नऊ म्हणजे अनस्पेसिफाइड, प्रकार सांगितलेला नाही. डॉक्टर घाईघाईने एक शब्द लिहून ओटीत जातात, बाहेर बसलेला मुलगा किंवा मुलगी मोबाईलवर शोधते, पहिला जो कोड दिसेल तो टाकते आणि फाईल बंद. मी त्या मुलांना दोष देत नाही, त्यांना कुणी शिकवलेलंच नसतं आणि डॉक्टरांनी जे लिहिलंच नाही ते कोडवाल्याने मनाने टाकायचंही नसतं, ते टाकलं तर उलट जास्त वाईट. पहिल्या दिवशी नऊ टाकणंसुद्धा चुकीचं नाही, रिपोर्ट यायचे असतात, आणि बऱ्याच पेशंटमध्ये सगळ्या तपासण्या करूनही कारण सापडत नाही. माझं म्हणणं एवढंच की ज्या पेशंटचं कारण सापडलंय, जे केस पेपरच्या आतल्या पानावर लिहिलेलंय, त्याच्याही डिस्चार्ज कार्डावर नऊच राहतो, कारण परत जाऊन बदलायला कुणाला वेळ नाही.

त्याने काय बिघडतं ते सांगते. यावल तालुक्यातला एक शेतकरी, केळीच्या बागेत घडाला लावलेला टेकूचा बांबू निसटला आणि डोळ्यावर बसला. डोळ्यात आत, आयरिसच्या पुढे रक्त साचलं, त्याला हायफिमा म्हणतात. जिथे ॲडमिट होता तिथल्या कागदावर हायफिमा, एच २१.० असा कोड पडला आणि फॉर्ममध्ये इजा झाली का या रकान्यात 'नाही' अशी खूण. आता एच २१.० हा कोड आपोआप, म्हणजे मार न लागता साचलेल्या रक्तासाठी आहे, पुस्तकात त्याच्याखालीच लिहिलंय की मार लागून झालं असेल तर हा वापरू नका, एस ०५.१ वापरा. त्या माणसाची पॉलिसी नवीन होती. आरोग्य विम्यात पहिले ३० दिवस आजाराचा क्लेम मिळत नाही पण अपघाताचा मिळतो, हे साधारण सगळ्या पॉलिसींमध्ये असतं. कागदावर आजार आणि मुदत ३० दिवसांच्या आतली, म्हणून क्लेम नामंजूर. घरचे लोक म्हणत राहिले अहो बांबू लागला, सगळ्या गल्लीला माहितीये, पण कंपनी गल्लीला विचारत नाही, कागद बघते. नंतर डॉक्टरांनी दुरुस्तीचं पत्र दिलं, एस ०५.१ लिहिला, सोबत बाहेरचं कारण सांगणारा डब्ल्यू २० आणि त्याला घटनेची जागा शेत म्हणून ७ चा आकडा जोडला, तेव्हा कुठे पैसे निघाले. मधले सगळे महिने त्यांनी उसनवारीवर काढले.

आपल्या भागात हे फार महत्त्वाचं आहे असं मला वाटतं, कारण डोळ्याला मार लागायची कामंच आपल्याकडे जास्त. लाकूड फोडताना ढलपी, बैलाच्या मानेचा झटका, केळीचा बांबू, मुलांचा क्रिकेटचा बॉल. आणि नुसता मेडिक्लेम नाही, गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत अपघाताने एक डोळा निकामी झाला तर १ लाख, दोन्ही गेले तर २ लाख मिळतात, वर्षाला २० रुपये भरून बँकेतून निघणाऱ्या प्रधानमंत्री सुरक्षा बीमा योजनेतही एका डोळ्याची नजर कायमची गेली तर १ लाख आहेत. या सगळ्या ठिकाणी पहिला प्रश्न हाच की अपघात होता का, आणि त्याचं सगळ्यात आधीचं उत्तर पहिल्या दवाखान्याच्या कागदावर असतं.

पैशाचं झालं, आता तब्येतीचं, ते मला जास्त टोचतं. एच २२ हा गट कुणी वापरतच नाही. आयरिसची सूज दुसऱ्या कुठल्या तरी आजारामुळे आली असेल तर तिथे दोन कोड लिहायचे असतात. डोळ्याचा टीबी असेल तर ए १८.५ आणि सोबत एच २२.०. नागीण डोळ्यात उतरली तर बी ०२.३ आणि एच २२.०. पुस्तकात पहिल्या कोडपुढे खंजिराची खूण असते आणि दुसऱ्यापुढे ताऱ्याची, नियम असा की मूळ आजार आधी आणि तारावाला कोड एकटा कधीच लिहायचा नाही. म्हणजे बघा, हे पुस्तकच तुम्हाला बजावतंय की नुसता डोळा बघू नका, माणूस बघा. टीबीच्या पेशंटची सरकारकडे नोंद करणं खाजगी डॉक्टरांनाही २०१२ पासून बंधनकारक आहे आणि नोंद झाली की उपचार चालू असेपर्यंत निक्षय पोषण योजनेतून महिन्याच्या हिशेबाने पैसे येतात, आधी ५०० होते, नोव्हेंबर २०२४ पासून १००० झाले. ही नोंद काही आयसीडी कोडने होत नाही हे मला माहिती आहे, पण धडगाव-अक्कलकुव्याचा पेशंट जळगावात डोळा दाखवून एच २०.९ लिहिलेला कागद घेऊन गावी जातो तेव्हा तिथल्या आरोग्य सेविकेला त्या कागदावरून कसं कळणार की याला टीबीची औषधं चालू करायला सांगितलीयेत? टीबी हा शब्द आणि त्याचा कोड कार्डावर असेल तर ती दुसऱ्या दिवशी घरी जाऊन विचारेल.

तसंच पाठीचं. पंचवीस-तिशीची पोरं येतात, एकच डोळा लाल, सहा महिन्यांनी परत लाल, कधी हा कधी तो, आणि विचारलं की सांगतात हो, सकाळी उठल्यावर कंबर आखडलेली असते, चाललं फिरलं की मोकळी होते. यातल्या काहींना अँकिलोजिंग स्पॉन्डिलायटिस निघतो, मणक्याचा संधिवात, त्याचा एम ४५ आणि सोबत एच २२.१. तो कोड कागदावर असला की पुढचा हाडांचा डॉक्टर नुसत्या दुखण्याच्या गोळ्या लिहून थांबत नाही. आणि लहान मुलांच्या संधिवातात तर बहुतेकदा डोळा लालसुद्धा होत नाही, दुखतही नाही, आतल्या आत सूज वाढत राहते, म्हणून अशा मुलांचा डोळा त्रास नसतानाही ठराविक दिवसांनी तपासून घ्यावाच लागतो.

अजून एक, डावा की उजवा. आपण जो आयसीडी १० वापरतो त्यात डोळा कुठला हे सांगायची सोयच नाही, एच २०.० दोन्ही डोळ्यांना तोच. इंटरनेटवर शोधलं की अमेरिकेची वेगळी आवृत्ती वर येते, ती तिकडे १ ऑक्टोबर २०१५ पासून चालू आहे, त्यात एच २०.०११ म्हणजे उजवा, एच २०.०१२ म्हणजे डावा असे लांबलचक कोड असतात, मग कुणीतरी तोच आपल्या फॉर्मवर टाकतो आणि कंपनी क्वेरी काढते. आयसीडी ११ मध्ये बाजू जोडायची सोय आहे, तो १ जानेवारी २०२२ पासून लागू झालाय, पण आपले फॉर्म अजून दहावरच आहेत. तोपर्यंत एकच उपाय, कोडच्या आधी शब्दात लिहा, उजवा डोळा, डावा डोळा, पूर्ण, आणि कधीपासून ते पण. कारण औषध बंद केल्यावर तीन महिन्यांच्या आत परत सूज आली तर तो क्रॉनिक धरतात, एच २०.१, आणि मधे चांगले महिने जाऊन परत आली तर रिकरंट, तो एच २०.० मध्ये येतो, दोघांची ट्रीटमेंट वेगळी चालते. स्टिरॉईडचे ड्रॉप जास्त दिवस चालले तर त्यानेही प्रेशर वाढतं, ते एच ४०.६, आणि सुजेमुळे वाढलं तर एच ४०.४. तारखा नसतील तर हे कुणाला कळणार?

आजोबा लोकांसाठी पण एक सांगायचंय. लघवीच्या त्रासाला टॅमसुलोसिन नावाची गोळी देतात, ती चालू असेल किंवा आधी कधी घेतलेली असेल तरी मोतीबिंदूच्या ऑपरेशनमध्ये आयरिस सैल पडून लटपटायला लागते, त्याला फ्लॉपी आयरिस म्हणतात, २००५ मध्ये डॉक्टरांनी पहिल्यांदा याचं वर्णन केलं. सर्जनला आधी माहिती असेल तर तो तयारीने ऑपरेशन करतो. आपल्याकडे एक डोळा एका शिबिरात आणि दुसरा दोन वर्षांनी दुसऱ्याच गावात होतो, मग पहिल्या डोळ्याच्या कार्डावर 'मोतीबिंदू ऑपरेशन झाले' एवढंच असेल तर दुसऱ्या सर्जनने काय ओळखायचं? एच २१.८ आणि त्याच्यापुढे दोन शब्द, फ्लॉपी आयरिस, लिहायला किती वेळ लागतो.

आणि आता तर सरकारचं आभा हे आरोग्य कार्ड आलंय, १४ आकडी नंबरवर सगळे कागद जोडले जाणार, म्हणजे आज जो नऊ पडेल तो त्या माणसाच्या मागे जन्मभर फिरेल.

माझी जळगाव, धुळे, नंदुरबारच्या सगळ्या नेत्रतज्ज्ञांना हात जोडून विनंती आहे की डिस्चार्जवर सही करायच्या आधी डोळा कुठला, कधीपासून, कारण काय आणि मार लागला होता का एवढं स्वतःच्या हाताने लिहा, कारण सापडलं नसेल तर 'तपासणी केली, कारण सापडले नाही' असं लिहा, तोही एक निकालच आहे. आणि तिन्ही जिल्ह्यांच्या आरोग्य खात्याने सरकारी आणि खाजगी दोन्हीकडच्या रेकॉर्डवाल्या मुलामुलींना एक दिवस बसवून हे शिकवावं, मी स्वतः यायला तयार आहे, पैसे नकोत. वाचकांनी कार्ड हातात पडलं की काउंटरवरच वाचून घ्या, मार लागला असेल तर तसं लिहिलंय का बघा, नसेल तर तिथेच दुरुस्त करून मागा, नंतर फार फिरावं लागतं.

संपादक साहेब, पत्र लांबलंय, जागा कमी पडली तर अमेरिकेचं आणि कोडचे आकडे खुशाल कापा, पण टीबीचा आणि सकाळी कंबर आखडण्याचा भाग तेवढा राहू द्या.

आपली नम्र,
एक वाचक, जळगाव