कटऑफ नंतर सांगा, आधी नियम दाखवा

मा. संपादक,
स. न.

शाळेतल्या हुशार मुलांसाठीच्या प्रगत वर्गाची यादी लागली की पालक एकच गोष्ट विचारतात : कटऑफ किती लागला? शाळाही तेवढे सांगून मोकळी होते. वास्तविक त्या आकड्याआधी दोन गोष्टी ठरलेल्या असतात. परीक्षेला बसवले कोणाला, आणि कसोट्या एकाहून जास्त असतील तर त्यांचे गुण एकत्र कसे केले. मूल आत जाणार की बाहेर राहणार, हे पुष्कळदा तिथेच ठरून जाते.

दुसरी गोष्ट आधी घेतो, कारण ती आकड्यांत दाखवता येते. समजा, हजार मुले आहेत. कसोट्या दोन : एक तर्कशक्तीची, एक विषयाची. प्रत्येकीत वरचे ५ टक्के पात्र, म्हणजे ५०-५० मुले. दोन्ही कसोट्यांतला सहसंबंध (एकीतले गुण दुसरीतल्या गुणांशी किती जुळतात ते; ० म्हणजे मुळीच नाही, १ म्हणजे पूर्ण) ०.५ धरू. ‘दोन्हींत पात्र हवे’ असा नियम लावला तर हजारांतून जेमतेम १२ मुले उरतात. ‘कोणत्याही एकीत पात्र असले तरी चालेल’ म्हटले तर ८८. मुले तीच, पेपर तेच, कटऑफही तोच. ‘आणि’च्या जागी ‘किंवा’ आला, एवढ्याने सातपट फरक पडला.

तिसरा मार्ग सरासरीचा. आमच्या मते बहुतेक ठिकाणी तोच बरा, कारण एखाद्या पेपराच्या दिवशी अंगात ताप असला तर त्याचा फटका दुसऱ्या पेपरामुळे थोडा सौम्य होतो. पण इथे दोन चुका हमखास होतात. पहिली, कच्च्या गुणांची सरासरी. एका पेपरात गुण ४० ते ९५ असे पसरलेले आणि दुसऱ्यात सगळे ८५ ते १०० मध्ये दाटलेले असतील, तर निकाल पहिलाच पेपर लावतो, दुसरा नावापुरता. म्हणून आधी गुण प्रमाणित करावे लागतात : मुलाच्या गुणांतून सरासरी वजा करायची आणि प्रमाण विचलनाने (गुण सरासरीभोवती किती पसरले आहेत त्याच्या मापाने) भागायचे. पर्सेंटाइलची (शंभरांतल्या किती मुलांना मागे टाकले त्या आकड्याची) थेट सरासरीही काढू नये. ५० ते ५५ हे अंतर आणि ९० ते ९५ हे अंतर सारखे नसते.

दुसरी चूक अधिक छुपी. सरासरीचा पसारा मूळ गुणांपेक्षा आखूड असतो, तरी कटऑफ जुनाच ठेवला जातो. वरच्याच उदाहरणात वरच्या ५ टक्क्यांची प्रमाणित गुणांतली रेषा १.६४ वर येते. तीच सरासरीला लावली तर ५० ऐवजी सुमारे २९ मुले निवडली जातात. ५० हवी असतील तर रेषा १.४२ च्या आसपास आणावी लागते. हा हिशेब कोणी करत नाही, आणि मग ‘यंदाची बॅचच कच्ची’ असे खापर मुलांवर फुटते.

आता पहिली गोष्ट, दाराची : परीक्षेला बसवले कोणाला. शिक्षकांनी नावे सुचवायची आणि त्यांचीच परीक्षा घ्यायची, ही पद्धत सर्वांत स्वस्त. अडचण अशी की वर्गात चटकन नजरेत भरते ते सुवाच्य अक्षर, वेळेवर पुरी झालेली वही, वर गेलेला हात. प्रश्न विचारून भंडावून सोडणारे, कंटाळून खिडकीबाहेर बघणारे किंवा शाळेची भाषा नुकतीच शिकू लागलेले मूल त्या यादीत येतच नाही. पुढची चाचणी कितीही उत्तम असली तरी तिच्यापर्यंत न पोचलेल्या मुलाला तिचा काय उपयोग? अमेरिकेत फ्लोरिडातील एका मोठ्या शालेय जिल्ह्याने २००५ मध्ये दुसरीच्या सरसकट सर्व मुलांची चाळणी चाचणी (पुढच्या मुख्य परीक्षेला कोणाला पाठवायचे ते ठरवणारी छोटी चाचणी) सुरू केली. डेव्हिड कार्ड आणि लॉरा जुलियानो या अर्थशास्त्रज्ञांनी तिचे परिणाम २०१६ मध्ये प्रसिद्ध केले. अंतिम निकष बदललेले नव्हते. तरी प्रगत वर्गांत गरीब घरांतली, कृष्णवर्णीय आणि हिस्पॅनिक मुले लक्षणीयरीत्या वाढली. पात्र ती आधीही होती.

मात्र चाळणीचे भोक अंतिम निवडीएवढेच बारीक ठेवले तर सगळे मुसळ केरात. चाळणी चाचणी छोटी असते, म्हणून तिच्यात चूक जास्त. शेवटी ५ टक्के घ्यायचे असतील तर चाळणीतून २० ते २५ टक्के पुढे सोडावेत. परीक्षेचा खर्च वाढतो, हे खरे.

मोजणीतली चूक म्हणाल तर ती प्रत्येक चाचणीत असते. सरासरी १००, प्रमाण विचलन १५ आणि विश्वसनीयता (पुन्हा मोजले तर निकाल किती सारखा येतो ते; जास्तीत जास्त १) ०.९६ अशी अगदी दर्जेदार बुद्धिमापन चाचणी घेतली, तरी तिची प्रमाण त्रुटी, म्हणजे मोजणीतली नेहमीची चूक, ३ गुण येते. दोन्ही बाजूंना तिची दुप्पट धरली, तर १२९ मिळवणाऱ्याची खरी पातळी साधारण १२३ ते १३५ मध्ये कुठेही असू शकते. रेषा १३० वर असेल तर हे मूल बाहेर आणि १३१ वाले आत, याला मोजणीचा आधार नाही. मानसशास्त्रज्ञ लुईस टर्मन यांनी १९२१ मध्ये कॅलिफोर्नियात सुरू केलेल्या, उच्च बुद्ध्यंकाच्या मुलांच्या प्रसिद्ध अभ्यासात विल्यम शॉकली आणि लुईस अल्वारेझ ही मुले कटऑफ गाठू न शकल्याने गळाली होती. पुढे दोघांनाही भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले, १९५६ आणि १९६८ मध्ये. रेषेखालच्या पाच-सहा गुणांच्या पट्ट्यातील मुलांना दुसरी संधी द्यावी, पण वेगळ्या प्रश्नसंचावर. तोच संच थोड्या दिवसांत पुन्हा दिला तर सरावाचे गुण वाढतात.

मुलांची तुलना इयत्तेनुसार करू नये, वयानुसार करावी. एकाच वर्गात अकरा महिन्यांचा फरक सहज असतो, आणि सहा वर्षांच्या मुलासाठी तो आयुष्याचा जवळजवळ सहावा हिस्सा. चाचणीचे वयानुसार दिलेले तक्ते असतील तर तेच वापरावेत, नाहीतर यादीत वर्गातल्या थोराड मुलांचाच भरणा होतो.

आणखी एक. वर्ग प्रगत गणिताचा असेल तर निवड गणितावर व्हावी, एकूण टक्केवारीवर नव्हे. भाषेत मागे असल्याने गणितातले मूल का अडावे? तसेच ज्या पेपरात निम्म्या वर्गाला ९५ च्या वर गुण पडतात, तो वरच्या मुलांत भेद करूच शकत नाही. तिथे वरच्या इयत्तेचा पेपर द्यावा लागतो. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात ज्युलियन स्टॅन्ली यांनी १९७२ पासून सातवी-आठवीच्या मुलांना महाविद्यालय प्रवेशाची सॅट ही परीक्षा देऊन हेच केले. छोट्या शाळेला एवढा खटाटोप नको. घटक शिकवण्याआधी त्याचीच अंतिम चाचणी घ्यावी. ज्या मुलाला अपूर्णांक शिकवण्याआधीच जवळपास सगळे येतात, त्याला ते तीन आठवडे वेगळे काम द्यायला कुठल्याही यादीची गरज नाही.

शाळांनी यादीच्या वरच हे छापावे : परीक्षेला कोण बसले, कसोट्या कोणत्या, त्या ‘आणि’ने जोडल्या की ‘किंवा’ने की सरासरीने, तुलना वयाशी की इयत्तेशी, आणि फेरपरीक्षा कधी.

– शैक्षणिक मूल्यमापन क्षेत्रातील दोन वाचक