फॉरमॅट न मारल्याबद्दल आभार

सातारा

प्रिय दादा,

अनेक आशीर्वाद.

तुझ्या कॉम्प्युटरच्या कामाचं तोंडावर कौतुक केलं की तू मोबाइलमध्ये डोकं घालतोस, म्हणून हे चार लोकांसमोर लिहिते आहे. शिवाय या दिवसांत नवीन लॅपटॉप घेऊन गोंधळलेले बरेच जण भेटतात. त्यांनाही काही सापडलं तर बरंच.

माझा जुना पीसी तसा धट्टाकट्टा होता. लग्नपत्रिका, संस्थांचे अहवाल, दोन-तीन दिवाळी अंक, सगळी अक्षरजुळणी त्याच्यावरच झाली. पण विंडोज १० चा नेहमीचा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपणार आणि त्या मशीनमध्ये टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप नसल्यामुळे विंडोज ११ त्यावर चढणार नाही, असं कळलं. मग गणपतीच्या तोंडावर, दिवाळी अंकाची प्रुफं टेबलावर पडलेली असताना, नवा लॅपटॉप घरी आला. नवा म्हणजे बिनत्रासाचा, असा आपला एक भाबडा समज असतो.

पहिला अडथळा मराठीचाच. विंडोजच्या नावात ‘होम सिंगल लँग्वेज’ असं लिहिलेलं. विकणारा म्हणाला, यात एकच भाषा चालते, मराठीसाठी वरची आवृत्ती घ्यावी लागेल, तिचे वेगळे पैसे. छापखान्याच्या मालकांनी तुझा नंबर दिला तो तेव्हा. तू फोनवरच हसलास. एकच भाषा ही मेनू आणि सूचना कुठल्या भाषेत दिसायच्या तेवढ्यापुरती असते, टाइप कितीही भाषांत करता येतं, म्हणालास. सेटिंग्जमध्ये टाइम अँड लँग्वेज, तिथे मराठी जोडली, विंडोजची कळ आणि स्पेसबार एकत्र दाबला आणि माझा इनस्क्रिप्ट, म्हणजे भारतीय भाषांचा प्रमाण कीबोर्ड, हजर. शिफ्ट दाबून ‘जे’ मारल्यावर नुक्ता असलेला ‘ऱ’ उमटला आणि ‘वाऱ्यावर’ नीट लिहून झालं, तेव्हा कुठे मी चहा टाकला. फोनवरच्या त्या सल्ल्याने माझे काही हजार वाचले, हे त्या दिवशी तुला सांगायचं राहिलं.

खरी कसोटी पुढे होती. एका रात्री अपडेट झाले, त्यांत बायोसचंही (मशीन सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्रामचं) होतं, आणि मशीन पुन्हा सुरू झालं ते निळं पान घेऊन. त्यावर ४८ आकडी रिकव्हरी की मागितलेली. मी असली की कधी पाहिलेलीच नव्हती. ज्याला ज्याला विचारलं त्याचं उत्तर एकच: फॉरमॅट मारा, म्हणजे डिस्क पुसून सगळं नव्याने टाका. विकणाऱ्यानेही तेच सांगितलं, वर ‘फ्री करून देतो’ म्हणाला. अंकाचा अर्धा तपासलेला मजकूर फक्त त्या लॅपटॉपवर होता, हे त्याच्या गावीही नव्हतं.

तू आलास आणि कशालाही हात लावायच्या आधी विचारलंस, ‘काकू, बंद व्हायच्या आधी शेवटचं काय झालं?’ मी सांगितलं. मग तू समजावलंस. या मशीनची डिस्क आपोआप कुलूपबंद होते, त्याला डिव्हाइस एन्क्रिप्शन म्हणतात. बायोस बदलला की मशीनला शंका येऊ शकते, डिस्क भलत्याच्या हातात तर गेली नाही ना? म्हणून ते किल्ली मागतं. बिघडलेलं काहीच नाही. आणि पहिल्यांदा मशीन सुरू करताना जे मायक्रोसॉफ्टचं खातं टाकलं असेल, त्या खात्यात ही किल्ली जमा असते.

ते खातं होतं दुकानाचं. सेट करून देताना त्यांनी स्वतःचंच टाकलं होतं. तू त्यांना फोन लावलास. ते आधी टाळत होते. तू आवाज न चढवता एकेक पायरी सांगत गेलास: खात्यात लॉगिन करा, किल्ल्यांच्या यादीत जा, आमच्या स्क्रीनवर की आयडी दिसतोय त्याची पहिली आठ अक्षरं जुळतात ती ओळ शोधा. मी आकडे वाचून दाखवत होते, तू टाइप करत होतास. शेवटचा गट टाकल्यावर लॉगिनचं पान आलं आणि आमच्या ह्यांनी, जे एरवी कॉम्प्युटरच्या खोलीत पाऊल टाकत नाहीत, टाळ्या वाजवल्या.

तुला तिथेच थांबता आलं असतं. पण तू माझ्या नावाचं खातं उघडलंस, दुकानाचं काढलंस, एन्क्रिप्शन बंद करून पुन्हा चालू केलंस, म्हणजे नवी किल्ली माझ्या खात्यात गेली. आणि ती मला कागदावर हाताने लिहून घ्यायला लावलीस, कारण प्रिंटर तेव्हा चालतच नव्हता. घरात पासबुकं असतात त्या फाइलमध्ये ती आहे. नवीन मशीन दुकानातून सेट करून घेणाऱ्या प्रत्येकाला मी आता हेच सांगते: खातं कुणाचं टाकलंय ते विचारा.

मग फाँट. इथे तू खरा दमलास. माझ्या वीस वर्षांच्या फाइली युनिकोडच्या, म्हणजे प्रत्येक अक्षराला सगळीकडे एकच ठरलेला क्रमांक देणाऱ्या पद्धतीच्या, आधीच्या. त्या काळातल्या फाँटांत ‘क’ हा मुळात ‘क’ म्हणून साठवलेलाच नसायचा. एखाद्या रोमन अक्षराच्या जागी ‘क’चं चित्र बसवलेलं असायचं. त्यामुळे फाँट नसलेल्या मशीनवर फाइल उघडली की रोमन अक्षरं, कंस आणि टक्क्याची चिन्हं. ‘फाइल करप्ट झालीय’ असं मला दोघांनी ठणकावून सांगितलं होतं. तू जुन्या पीसीच्या फाँट्स फोल्डरमधून ते फाँट आणून बसवलेस आणि कविता जशाच्या तशा उभ्या राहिल्या.

पण संपादकांना मजकूर युनिकोडमध्ये हवा होता. कन्व्हर्टर चालवल्यावर वेलांट्या आणि रफार वाटेल तिथे. तुझं मराठी व्याकरण बेताचं, तूच म्हणायचास, आणि तरी तू विचारलंस, ‘काकू, जुन्या पद्धतीत वेलांटी आधी टाइप करायचात की नंतर?’ तिथेच गाठ सापडली. जुना फाँट डोळ्यांना दिसतं त्या क्रमाने चालतो, म्हणजे ‘किरण’मध्ये वेलांटी आधी, मग ‘क’. युनिकोडला उच्चाराचा क्रम लागतो, आधी ‘क’, मग वेलांटी. ‘धर्म’मध्ये तर जुन्या पद्धतीत रफार ‘म’च्या नंतर येतो आणि युनिकोडमध्ये ‘र्’ ‘म’च्या आधी. कन्व्हर्टरला ही उलटापालट करावी लागते आणि जोडाक्षर मोठं असलं की तो चुकतो. मग आपण ‘राष्ट्र’, ‘मूर्ती’, ‘दऱ्याखोऱ्या’ असे अवघड शब्द काढून ते आधी तपासले, आणि ज्या चुका सारख्या होत होत्या त्या फाइंड-रिप्लेसने एकगठ्ठा सुधारल्या. संध्याकाळी तुझं दुकान बंद करून तू हे करायला यायचास. ज्यांना कॉम्प्युटर येतो त्यांना मराठीची चिकाटी नसते आणि आम्हा मराठीवाल्यांना कॉम्प्युटरची, असं माझं इतक्या वर्षांचं मत होतं. ते तू थोडं हलवलंस.

बाकीचं तुझ्या लेखी किरकोळ. लॅपटॉप गोगलगायीसारखा चालत होता, कारण कंपनीचा ट्रायल अँटिव्हायरस आत असताना दुकानाने आणखी एक वर घातला होता. तू दोन्ही काढलेस, विंडोजचा स्वतःचा पुरे म्हणालास. प्रिंटरचा जुना ड्रायव्हर (त्याला चालवणारा प्रोग्राम) ३२ बिटचा, विंडोज ११ मात्र फक्त ६४ बिटची, म्हणून तो बसत नव्हता. कंपनीच्या साइटवरून दुसरा आणलास. झालं.

अंक वेळेवर छापून झाला. संपादकांना श्रेयनामावलीत तुझं नाव घालायचं होतं, तू नको म्हणालास, म्हणून ‘तांत्रिक साहाय्य: एक मित्र’ असं गेलंय. प्रत छापखान्यात काढून ठेवली आहे, येता-जाता घेऊन जा. आणि बिल या आठवड्यात पाठव. नाही पाठवलंस तर मी अंदाजाने रक्कम पाकिटात घालून तुझ्या आईकडे नेऊन देईन, आणि माझा अंदाज नेहमी जास्तच निघतो.

तुझी,
डीटीपीवाली काकू